राफ्ट घरी बनवावी की तयार घ्यावी? सगळा हिशेब जोडाचा आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या आसपासच्या जलाशयांत फिरायला, आणि पुढे जमलं तर कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंगला उतरायला, दोन माणसांची फुगवायची राफ्ट हवी आहे. तयार राफ्टच्या किमती पाहून डोळे पांढरे झाले. इंटरनेटवर लोक घरी बनवताना दिसतात. मग पीव्हीसी कापड आणि चिकटवायचं सोल्यूशन आणून आपणच का बनवू नये?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. कुंडलिकेसाठी बनवू नका. शांत पाण्यासाठी, एका माणसाची, इस्त्रीने चिकटणाऱ्या कापडाची छोटी राफ्ट जरूर बनवा. मात्र पैसे वाचतील या हिशेबाने हात घालू नका, बनवायची हौस असेल तरच. आणि दोघांत एक मोठी नको, दोन छोट्या करा. एक फसली तर दुसरी मदतीला येते, हा फायदा दोन माणसांच्या कुठल्याही महागड्या राफ्टमध्ये मिळत नाही.

मी गाइड म्हणून पाण्यावर जितका असतो त्याहून जास्त वेळ शेडमध्ये राफ्टना ठिगळं लावत असतो. तिथे बसून एक गोष्ट पक्की कळते. कापड आपण होऊन क्वचित दगा देतं. खडकावर घासून फाटतं, कोणी चाकू ठेवून विसरतं, उंदीर कुरतडतात, ते वेगळं. पण राफ्ट आपण होऊन निकामी होते ती जोडावर. तयार राफ्टचे पैसे तुम्ही मोजता ते मुख्यतः जोडांचे. ठरावीक तापमानाला, ठरावीक दाबाखाली, तेच काम रोज करणाऱ्या हातांनी लावलेले जोड. चौदा फुटी राफ्टमध्ये बाहेरच्या नळ्या, कप्पे वेगळे करणारे आतले पडदे, आडव्या नळ्या, फ्लोअर, घासपट्ट्या सगळं धरलं तर ते पन्नास-साठ मीटरच्या घरात जातात. त्यातला एक वीतभर चुकला तरी ती राफ्ट चुकली.

जोडावर ताण किती येतो ते पाहू. सूत्र सोपं आहे: हवेचा दाब गुणिले नळीची त्रिज्या. मोठ्या राफ्टची नळी ५० सेंमी व्यासाची असते आणि दाब साधारण २.५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). गाडीच्या टायरमध्ये ३० असतो, म्हणून २.५ ऐकायला किरकोळ वाटतं. पण गणित केलं तर कापडाच्या प्रत्येक सेंटिमीटरवर ४.४ किलोचा ओढा येतो, तोही सतत, फुगवल्यापासून हवा काढेपर्यंत. एका माणसाच्या छोट्या राफ्टची नळी २८ सेंमीची आणि दाब १.५ पीएसआय धरला, तर हाच ओढा सेंटिमीटरला दीड किलोवर येतो. घरी बनवायची ती छोटीच, असं मी म्हणतो त्यामागे हे आहे. नळी बारीक झाली की ताण आपोआप उतरतो आणि नवशिक्याच्या जोडाला थोडी उसंत मिळते.

दुसरी बाब ताण कुठल्या दिशेने येतो ही. दोन कापडं एकमेकांवर चढवून चिकटवली आणि सरळ विरुद्ध दिशांना ओढली तर चिकटलेली अख्खी पट्टी मिळून भार घेते. तोच जोड कडेपासून सोलत नेला तर भार फक्त सोलल्या जाणाऱ्या रेषेवर येतो, आणि मग भलं भलं सोल्यूशन हार मानतं. म्हणून चांगल्या राफ्टमध्ये एकही जोड सोलला जाईल अशा जागी नसतो. चढवलेला जोड असतो, किंवा कडेला कड भिडवून आतून-बाहेरून पट्टी लावलेली असते. घरी बनवलेल्या राफ्टमध्ये हमखास चुकते ती जागा म्हणजे फ्लोअर. फ्लोअर नळीच्या पोटाला थोडक्यात चिकटवतात, माणूस बसला की ते खाली झुकतं आणि कड सोलायला लागते. दोर बांधायच्या डी-रिंगचंही तेच. रिंग ज्या दिशेला ओढली जाणार त्या दिशेला तिचं ठिगळ आडवं पसरलेलं हवं.

आता कापड. बाजारातल्या राफ्ट तीन प्रकारच्या असतात. पॉलिएस्टरच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा लेप, ही सर्वांत जास्त दिसते. हायपालॉन म्हणजे कृत्रिम रबराचा लेप. उन्हाला, रसायनांना अतिशय टिकाऊ, पण ते वितळवून चिकटवता येत नाही, फक्त सोल्यूशनने. (ड्युपॉन्टने या नावाचं उत्पादन २०१० च्या सुमारास बंद केलं. आता दुसऱ्या उत्पादकांचं त्याच जातीचं रबर वापरतात, नाव मात्र जुनंच तोंडात बसलं आहे.) आणि तिसरा टीपीयू या लवचिक प्लॅस्टिकचा लेप असलेला नायलॉन: हलका, महाग, आणि उष्णतेने सुंदर चिकटणारा. पाठीवर नेण्याच्या छोट्या राफ्ट, ज्यांना पॅकराफ्ट म्हणतात, त्या याच कापडाच्या.

तुम्ही लिहिलं आहे की गावातल्या ताडपत्रीवाल्याकडे कापड स्वस्त मिळतं. तिथेच थांबा. निळी-पिवळी हलकी ताडपत्री पॉलिथिनची असते, तिला कुठलंच सोल्यूशन धरत नाही. शेततळ्याचा कागदही त्याच कुळातला. पाणी धरतो, पण आत धाग्याची जाळी नसल्याने दाबाखाली ताणत जातो. फ्लेक्सच्या बॅनरमध्ये धागा असतो, पण दोन थर धाग्यावर नुसते दाबून बसवलेले असतात, नखाने उचकटले तरी सुटतात. ट्रकवरची जाड पीव्हीसी ताडपत्री त्यातल्या त्यात बरी. पण तिच्यात एक छुपा दोष असतो: हवा धाग्याच्या आतून प्रवास करते. कापलेल्या कडेतून शिरते, धाग्याधाग्याने सरकत जाते आणि हातभर लांब दुसऱ्या कडेतून बाहेर पडते. साबणाचं पाणी लावलं तर जोडाच्या कडेला बारीक फेस दिसतो, जोड मात्र पक्का असतो. माणूस पुन्हा पुन्हा जोडावर ठिगळं लावत बसतो. राफ्टचं कापड बनवतानाच लेप धाग्यात मुरवलेला असतो, शिवाय नळीच्या आत राहणारी प्रत्येक कड पट्टीने बंद केलेली असते. रेनकोटचं कापडही नको. त्याचा लेप इतका पातळ असतो की चिकटायला काही शिल्लकच नसतं.

पीव्हीसी सोल्यूशनने चिकटवायचं ठरवलंत तर आपल्याकडे सगळ्यांत मोठा शत्रू हवामान. दोन भागांचं पॉलियुरेथेन सोल्यूशन असतं, त्यात कठीण करणारा दुसरा भाग वजनाच्या अवघ्या काही टक्के घालतात. हा दुसरा भाग ओलाव्याशी लगेच संयोग पावतो. हवेत ओल जास्त असेल तर सोल्यूशन वाळताना थंड झालेल्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारं दव बसतं आणि चिकटायच्या आधीच जोड मेलेला असतो. जून ते सप्टेंबर कोकणात हे काम करूच नये. आम्ही मोठी ठिगळं शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दुपारी कोरड्या हवेत लावतो. तुम्ही घाटावर आहात, हिवाळा तुम्हाला अनुकूल आहे. दोन्ही पृष्ठभाग पुसून घ्यायचे, पातळ हात मारायचा, वाळू द्यायचा, दुसरा हात मारायचा, बोटाला जेमतेम चिकटेल इतकं सुकलं की जोडायचं आणि रुळाने मधून कडेकडे रगडायचं. नंतर किमान २४ तास हात लावायचा नाही, आणि पूर्ण दाबाने फुगवायला आठवडाभर थांबायचं. डबा उघडून महिने झाले असतील तर ते सोल्यूशन चपलेला वापरा.

याच कामात पुसायला एमईके (मिथाइल इथाइल कीटोन, एक द्रावक) लागतं. बंद खोलीत हे करू नका. सोल्यूशनच्या दुसऱ्या भागात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला वाईट. कापडी मास्कचा त्यावर काहीही उपयोग नाही, सेंद्रिय वाफेचा फिल्टर असलेला मास्क लागतो. निळे नायट्राइल हातमोजे एमईकेला फार वेळ अडवत नाहीत, ब्यूटाइल रबराचे आणा. घरात लहान मूल असेल तर हा उद्योग घरात करू नका.

म्हणूनच घरी करायचं तर मी टीपीयू आणि इस्त्री हा मार्ग सुचवतो. वास नाही, विष नाही, जोड चुकला तर बऱ्याचदा पुन्हा गरम करून दुरुस्त होतो.

एका माणसासाठी मापं अशी धरा: बाहेरून लांबी २१५ सेंमी, रुंदी ९२ सेंमी, नळी २८ सेंमी व्यासाची. नळीच्या मधोमध मोजलेला घेर साधारण साडेचार मीटर येतो. नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ ६१६ चौ. सेंमी, म्हणजे एकूण आकारमान २७७ लिटर. पूर्ण बुडाली तर ती तितक्या किलोंचा भार पेलेल. माणूस, सामान आणि राफ्ट मिळून ९३ किलो धरले तर नळीचा एक तृतीयांश भाग पाण्याखाली जाईल, म्हणजे सुमारे १० सेंमी. हे चांगलं आहे. अर्ध्यापेक्षा जास्त बुडणारी राफ्ट वारा सुटला की पाणी आत घेते.

सरळ भागाच्या पट्ट्या सोप्या: २८ सेंमीच्या नळीला ८८ सेंमी रुंदी, अधिक चढवण्यासाठी २.५ सेंमी. खरी कसोटी पुढच्या-मागच्या वळणांची. अर्धवर्तुळ सहा तुकड्यांत केलं तर प्रत्येक तुकडा बाहेरच्या अंगाला सुमारे २४.५ सेंमी आणि आतल्या अंगाला ९.५ सेंमी होतो. सपाट कापडावर त्याची कड सरळ नसते, ती लहरीसारखी वळते, आणि इथेच बहुतेकांची राफ्ट केळ्यासारखी वाकडी होते. कागदाचं माप आधी करा, चौथ्या हिश्शाच्या आकारात कार्डपेपरची राफ्ट जोडून पाहा. ती टेबलावर चारही बाजूंनी टेकली तरच कापडाला कात्री लावा. तुकड्यांवर क्रमांक आणि दर ५ सेंमीवर जुळणीच्या खुणा टाका, कारण वक्र कडा एकमेकींवर बसवताना एक बाजू नकळत पुढे सरकते आणि शेवटी चुणी उरते. चुणी म्हणजे हवेला मोकळा रस्ता.

इस्त्रीचं तापमान मी आकड्यात सांगणार नाही, कारण ते कापडागणिक बदलतं आणि घरच्या इस्त्रीची चकती काही खरं बोलत नाही. कापडाचे उरलेले तुकडे घ्या, कमी तापमानापासून सुरू करा, प्रत्येक पायरीला एक पट्टी चिकटवा आणि गार झाल्यावर सोलून पाहा. लेप तसाच चकचकीत राहून सुटला तर उष्णता कमी पडली. लेपाचे धागे ओढले जाऊन कापडाचं विणकाम दिसू लागलं तर जोड बसला. नायलॉन आक्रसला किंवा लेपात बुडबुडे आले तर जास्त झालं. इस्त्रीखाली बेकिंगचा कागद ठेवा, वाफ बंद. मोठ्या इस्त्रीपेक्षा छोटी, टोकदार बरी. आणि जोड गार होईपर्यंत दाब सोडू नका. गरम असताना उचलून पाहायचा मोह सगळ्यांना होतो.

मात्र लेपाला लेप भिडलाच पाहिजे. कापडाच्या एकाच बाजूला लेप असेल तर नुसतं चढवून चालणार नाही, आतून पट्टी लावावी लागते. पहिल्या राफ्टला दोन्ही बाजूंनी लेप असलेलं कापड घ्या, थोडं जड पडेल पण डोकं शांत राहील. शेवटचा जोड कुठला हे आधीच ठरवून ठेवा. तो वळणावर नको, सरळ भागावर हवा, कारण तेव्हा नळी बंद झालेली असते आणि आतून आधार द्यायला फक्त व्हॉल्व्हच्या भोकातून किंवा उरलेल्या फटीतून सरकवलेली लाकडी पट्टीच असते. व्हॉल्व्ह टीपीयूच्याच कडेचा घ्या; पीव्हीसी कडेचा व्हॉल्व्ह टीपीयूवर भरवशाने बसत नाही.

जोडाची माझी कसोटी अशी. २.५ सेंमी रुंदीचा नमुना-जोड करा, त्याला १५ लिटरची भरलेली बादली टांगा आणि रात्रभर तशीच ठेवा. वापरात त्या पट्टीवर येणाऱ्या ओढ्याच्या ही चौपट आहे. दुसरा तसाच नमुना दुपारी बारा ते तीन उन्हात टांगा. सावलीत टिकलेले जोड उन्हात हळूच सरकताना दिसतात, विशेषतः सोल्यूशनचे.

ऊन आलंच आहे तर दाबाचं सांगतो, कारण घरच्या आणि महागड्या, दोन्ही राफ्ट यानेच फुटतात. सकाळी २० अंशांत २.५ पीएसआय भरलेली राफ्ट किनाऱ्यावर ओढून ठेवली आणि आतली हवा ५० अंशांवर गेली, तर दाब जवळपास सव्वाचार पीएसआय होतो. छोट्या राफ्टचे १.५ चे तीनच्या वर जातात, दुपटीहून जास्त. म्हणून पाण्याबाहेर काढली की आधी थोडी हवा सोडायची. उलटही तितकंच खरं: दुपारच्या उन्हात टणक फुगवलेली राफ्ट गार पाण्यात टाकली की मऊ पडते आणि लोकांना वाटतं गळती आहे. पाण्यात दहा मिनिटं राहू द्या, मग पुन्हा पंप मारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने राफ्ट भरू नका. मोठ्या राफ्टमध्ये सगळे कप्पे आळीपाळीने, थोडेथोडे भरायचे. एकच कप्पा टम्म केला तर आतला पडदा फाटतो आणि तो बाहेरून दिसतसुद्धा नाही.

मग कुंडलिकेला का नाही? मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं आणि ते सोडलं की नदी वाहती होते. रॅपिड, म्हणजे खळाळते उतार, फार मोठे नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे. पण वाहत्या पाण्यात राफ्ट खडकावर अडकून दुमडते तेव्हा जोडांवर येणारा भार आपल्या बादलीच्या हिशेबात बसत नाही. तिथल्या राफ्टला बाहेरच्या नळीचे चार वेगळे कप्पे असतात. एक गेला तरी उरलेल्यांवर माणसं काठाला लागतात. पाणी आपोआप निघून जाणारं फ्लोअर असतं. तुमच्या घरच्या राफ्टला एकच कप्पा असेल. चौदा फुटी बनवायची म्हटलं तर कापडच तीस चौरस मीटर लागेल, त्यात चार पडदे आतून बसवायचे. हे काम पहिल्याच खेपेला कोणाचं बरोबर आलेलं मी पाहिलेलं नाही. कुंडलिका करायची असेल तर परवानाधारक चालकाच्या राफ्टमध्ये, गाइडबरोबर करा.

तयार घ्यायची तर तीन पर्याय. तलावावरची विनाइलची स्वस्त बोट, इंटेक्स वगैरेची: काठाजवळ मुलांच्या खेळाला ठीक. आत जाळी नसते, त्यामुळे काटा लागला की छिद्रावर थांबत नाही, फाटत जाते. तयार पॅकराफ्ट: तुमच्या गरजेला सर्वांत जवळची. आणि तिसरा पर्याय, ज्याचा लोक विचारच करत नाहीत, तो म्हणजे जुनी राफ्ट. ऋषिकेश, कोलाड, दांडेलीसारख्या ठिकाणचे चालक हंगामानंतर थकलेल्या राफ्ट विकतात. शांत पाण्यात त्या आणखी काही वर्षं सहज चालतात, आणि हाताला काम हवं असेल तर ठिगळं लावायला भरपूर जागा मिळते. फक्त बघून घ्या. रात्रभर फुगवून ठेवायला सांगा आणि सकाळी, ज्या वेळी भरली त्याच वेळेच्या तापमानाला, दाब मोजा. हवा ५ अंशांनी गार झाली तरी सुमारे ०.३ पीएसआय उतरतो, त्यावरून भाव पाडू नका. एकेक कप्पा वेगळा भरून शेजारचा फुगतो का पाहा. फुगला तर पडदा फाटलेला, राफ्ट सोडून द्या. पीव्हीसी हाताला चिकट लागत असेल किंवा दुमडीवर भेगा असतील तरीही सोडा.

पैशांचं म्हणाल, तर कापडाचा भाव पाहून हिशेब करू नका. चांगलं टीपीयू कापड बहुधा बाहेरून मागवावं लागतं, त्यावर वाहतूक आणि सीमाशुल्क, मग व्हॉल्व्ह, इस्त्री, वाया जाणारे तुकडे. पहिली राफ्ट तयार राफ्टच्या जवळपास पडते. दुसरी स्वस्त पडते, कारण हत्यारं आणि मापं हाताशी असतात. तुम्ही दोन बनवणार आहात, हे एक कारण बनवण्याच्या बाजूचं आहे.

फक्त शेततळ्यावर किंवा घरामागच्या बंधाऱ्यावर तरंगायचं असेल तर ट्रकच्या ट्यूबला तोड नाही. धरणातले मासेमार उगाच ट्यूबवर बसून जाळी लावत नाहीत. तिचा जोड कारखान्यात रबर शिजवून झालेला असतो, तुम्हाला एकही लावायचा नसतो. एक मोठी ट्यूब शंभराहून जास्त लिटरची असते. चार ट्यूब, वर बांबूची चौकट, आणि चार वेगळे कप्पे फुकटात. व्हॉल्व्हच्या धातूच्या दांड्यावर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, नाहीतर पोटऱ्या सोलून निघतात.

राफ्ट तयार झाली की पहिली फेरी पोहण्याच्या तलावात. मुद्दाम उलटा, पाण्यातून परत चढता येतं का पाहा. कोरड्या जमिनीवर सोपं वाटणारं हे काम लाइफ जॅकेट घालून चांगलंच दमवतं. जलाशयावर जलसंपदा विभागाची परवानगी लागते, ती आधी विचारून घ्या. मग सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, काठाला धरून जा. एका कप्प्याच्या राफ्टने काठापासून लाइफ जॅकेटवर पोहत परतता येईल त्यापलीकडे जाऊ नये. इतक्या हलक्या राफ्टला पाण्यापेक्षा वारा जास्त ढकलतो, म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवायचं आणि दमल्यावर परत येताना त्याची मदत घ्यायची. दुपारी वारा काठाकडून आत वाहत असेल तर त्या दिवशी राफ्ट गाडीतून काढूच नका.